पदराआडची पिस्तुले



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, विणकाम, व्रतवैकल्ये आणि आरोग्य या विषयांवर चांगले लेख येतात. मी या वेळी निराळा विषय घेतला आहे. तो आहे छोट्या पिस्तुलाचा. पिस्तूल आणि महिला मंडळ यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या देशाच्या इतिहासात काही वर्षे अशी होऊन गेली की त्या वेळी ही चिमुकली शस्त्रे बायकामुलींच्या पदराआड, शालीआड आणि ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली नांदली. त्या बायकामुलींची नावे आपल्या मुलींना ठाऊक असावीत, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

प्रथम पिस्तुलाविषयी थोडे सांगते. इंग्रजीत त्याला खिशातले पिस्तूल म्हणतात. पुरुषाच्या कोटाच्या खिशात सहज मावावे, बाहेरून फुगवटा दिसू नये, अशा मापाने ते केलेले असते. ब्राउनिंग नावाचा एक अमेरिकन कारागीर होता. त्याने काढलेल्या रचनेवरून बेल्जियम देशातल्या लिएज शहराजवळच्या हेर्स्ताल गावी एका कारखान्यात १९०० सालापासून अशी पिस्तुले होऊ लागली. त्याच्या मुठीत सात काडतुसांची पेटी बसे. एक बार उडाला की त्याच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकून रिकामी नळी बाहेर फेकली जाई आणि पुढचे काडतूस आपोआप चढे. वजन सारे सव्वासहाशे ग्रॅम, म्हणजे आपल्या घरातल्या पितळी बत्त्याहून फारसे जास्त नाही. पुढे १९०६ च्या सुमारास त्याच कारखान्याने त्याहूनही लहान, तळहातात झाकून जाईल असे पिस्तूल काढले. त्याचे वजन तर दीड पावाच्या आतबाहेर. रिव्हॉल्व्हर याहून वेगळे. त्यात गोळ्यांचे गोल फिरते घर असते आणि चाप ओढला की ते घर एकेक घर पुढे फिरते.

पण लहान वस्तूचे गुण तसे दोषही असतात. नळी आखूड असली की नेम लांबवर धरत नाही. शस्त्र हलके असले की बार उडताना ते हातात उसळते. काडतूस बारीक असले की गोळीचा जोरही बेताचा राहतो. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात २२ जुलै १९३१ रोजी वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबईचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती त्यांच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर बसली आणि साहेब वाचले. एवढ्याशा बटणाने गोळी अडवली! तेव्हा असे शस्त्र चालवायचे म्हणजे माणसाच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर जाऊन उभे राहावे लागे. पळून जाण्याची आशा फारशी उरत नसे. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या मुलींचे धैर्य कळते.

आपल्या महाराष्ट्रात ब्राउनिंग पिस्तुलाचे नाव गाजले ते नाशिकला. तेव्हा १८७८ चा हत्यारांचा कायदा लागू होता. परवान्यावाचून हिंदी माणसाने शस्त्र बाळगणे गुन्हा होता, आणि युरोपियन लोकांना मात्र त्यातून सूट होती. आपल्याच देशात आपण नि:शस्त्र, ही गोष्ट लोकांच्या मनाला फार लागली होती. लंडनला शिकत असलेल्या विनायकराव सावरकरांनी १९०९ साली वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाबरोबर हिंदुस्थानात धाडली. हा अमीन तिकडच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी होता. ट्रंकेला खोटा तळ करून त्याखाली ती लपवली होती. त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या जेमतेम अठरा वर्षांच्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांना ठार केले. साहेबांची बदली झाली होती आणि त्यांच्या सन्मानार्थ ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठेवला होता. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुले पाठविल्याचा ठपका आणि इतर आरोप मिळून सावरकरांना दोन जन्मठेपी म्हणजे पन्नास वर्षे काळे पाणी झाले.

या कथेत स्त्रिया कोठे आहेत? त्या घरात आहेत. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांनाही अंदमानला धाडले गेले. त्यांच्या पत्नी येसूवहिनी यांनी नाशिकच्या बायका जमवून आत्मनिष्ठ युवती संघ चालवला होता. घरादारावर जप्ती आली, सगेसोयरे दूर झाले, आणि पतीचे पुन्हा दर्शन न होताच १९१९ साली त्या वारल्या. पिस्तुलाचा चाप एकाने ओढला, त्याचे मोल घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे फेडले. आपल्या पाठ्यपुस्तकांत चाप ओढणाऱ्याचे नाव येते. मोल फेडणारीचे क्वचित येते.

यानंतर वीस वर्षांनी चाप स्त्रियांच्याच हाती आला.

त्यात पहिले नाव दुर्गाभाभींचे घेतले पाहिजे. लाहोरचे क्रांतिकारक भगवतीचरण व्होरा यांच्या त्या पत्नी. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर लाहोर शहराला पोलिसांचा वेढा पडला. तेव्हा भगतसिंग साहेबी पोशाखात पती झाले, दुर्गाभाभी लहान मुलगा घेऊन पत्नी झाल्या, आणि आपल्या खेडचे राजगुरू त्यांचे नोकर झाले. अशा रीतीने ही मंडळी आगगाडीने लाहोरातून निसटली. परपुरुषाची पत्नी म्हणून सर्वांदेखत प्रवास करणे त्या काळी कुलीन स्त्रीला काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यालाच नीट येईल. २८ मे १९३० रोजी रावीच्या काठी बाँबची परीक्षा घेताना स्फोट होऊन भगवतीचरण गेले. दुर्गाभाभी वयाच्या बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशीची शिक्षा सांगण्यात आली. लगेच त्याच आठवड्यात मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्यासमोर दुर्गाभाभी आणि त्यांच्या सोबत्यांनी मोटारीतून गोळ्या झाडल्या. त्यात एक गोरा सार्जंट आणि त्याची पत्नी जखमी झाली. त्या रस्त्याला आता डॉक्टर भडकमकरांचे नाव आहे. तेथून रोज हजारो बायका जातात. त्या रस्त्यावर काय घडले होते, ते त्यांतल्या किती जणींना माहीत असेल?

आता बंगालकडे वळू. तेथील मुलींनी जे केले ते वाचताना अंगावर काटा येतो. कोमिल्ला हे गाव आज बांगलादेशात आहे. तेथील फैजुन्निसा मुलींच्या शाळेत शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोघी शिकत होत्या. शांतीचे वय पंधरा, सुनीतीचे चौदा. विद्यार्थिनींच्या संघात त्या लाठी, दांडपट्टा शिकल्या आणि मग मैनामतीच्या टेकड्यांत बार उडवण्याचा सराव केला. सुनीतीचा हात इतका लहान होता की तर्जनी चापापर्यंत पोचत नसे. तेव्हा तिने मधल्या बोटाने चाप ओढण्याची सवय केली, असे सांगतात. १४ डिसेंबर १९३१ रोजी थंडीचे दिवस म्हणून अंगावर शाली घेऊन या दोघी मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्स यांच्या बंगल्यावर गेल्या. मुलींच्या पोहण्याच्या शर्यतीसाठी परवानगी मागायची आहे, असा अर्ज त्यांनी बरोबर नेला होता. साहेब अर्ज घेऊन बोलू लागले आणि शालींतून पिस्तुले बाहेर आली. स्टीव्हन्स जागीच ठार झाले.

खिशातले पिस्तूल म्हणतात, पण आपल्या पातळाला खिसा कुठे असतो? खिशाचे काम पदराने आणि शालीने केले. पुरुषाचे खिसे पोलीस चाचपून पाहत. शाळकरी मुलीच्या शालीकडे कोणी संशयाने पाहिले नाही. मुलगी म्हणजे दुबळी, तिच्या हातून काय होणार, हा जो साऱ्या जगाचा समज होता, त्याच्याच आडोशाने त्या आत शिरल्या.

अल्पवयीन म्हणून त्यांना फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. १९३९ साली गांधीजींच्या खटपटीने राजबंदी सुटले त्यांत या दोघीही सुटल्या. म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी आत गेलेल्या मुली बावीस-तेवीस वर्षांच्या होऊन बाहेर आल्या. मुलीच्या आयुष्यातली ही कोणती वर्षे, ते मी सांगायला नको. इकडे सुनीतीच्या वडिलांचे निवृत्तिवेतन सरकारने बंद केले होते, थोरल्या भावांना चौकशीवाचून अटकेत ठेवले होते, आणि घरात उपासमार चालली होती. एवढे होऊनही सुटल्यावर सुनीती पुन्हा पुस्तके घेऊन बसली आणि डॉक्टर झाली. जे बोट एकदा चापावर होते ते पुढे रोग्यांच्या नाडीवर राहिले. शांती घोष पश्चिम बंगालच्या विधिमंडळात सभासद झाल्या आणि आपल्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

कोमिल्ल्याच्या घटनेला दोन महिनेही झाले नव्हते. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. गव्हर्नर सर स्टॅन्ले जॅक्सन भाषणाला उभे राहिले. हे नाशिकच्या जॅक्सनचे केवळ आडनावबंधू. हे पूर्वी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान होते. बी. ए.ची पदवी घ्यायला आलेली वीणा दास नावाची वीस वर्षांची मुलगी जागेवरून उठली, आणि पदवीच्या झग्याआडून रिव्हॉल्व्हर काढून तिने पाच गोळ्या झाडल्या. एकही गोळी गव्हर्नरांना लागली नाही. कुलगुरू सुऱ्हावर्दी यांनी धावत जाऊन तिला धरले. तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. वीणाचे वडील बेणीमाधव दास हे सुभाषबाबूंचे कटकच्या शाळेतले आवडते गुरुजी, आणि आई सरलादेवी निराधार स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. घर असे सुसंस्कृत होते.

हे रिव्हॉल्व्हर तिला कोठून मिळाले? येथे मला कमला दासगुप्ता यांच्याविषयी थोडे अधिक सांगायचे आहे, कारण अशा बाईचे काम आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांना चटकन समजेल. कमलादेवींची आधी गांधीजींच्या साबरमती आश्रमात जायची इच्छा होती. आईवडिलांची संमती आण, असे गांधीजींनी कळविले. ती संमती मिळाली नाही. मग त्या युगांतर या क्रांतिकारक मंडळात गेल्या. कलकत्त्यात मुलींच्या एका वसतिगृहाच्या त्या व्यवस्थापिका होत्या. भाजीपाला, किराणा, मुलींची येजा, हिशेब हे सारे सांभाळता सांभाळता त्याच घरात बाँब आणि शस्त्रे येत, राहत आणि पुढे जात. वीणासाठी रिव्हॉल्व्हर त्यांनीच २८० रुपये देऊन मिळवले. त्या काळात २८० रुपये ही लहान रक्कम नव्हती. गोळी झाडायला एक क्षण लागतो. पण पैसा जमवणे, वस्तू आणणे, ती लपवणे, गप्प राहणे, पोलीस दारात आले तरी चेहऱ्यावर काही दिसू न देणे, याला महिनेन् महिने लागतात. हे काम स्वयंपाकघरासारखेच. नीट झाले तर कोणाला दिसत नाही. पुढे १९४६ साली नोआखालीला भीषण दंगा झाला, तेव्हा याच कमलादेवी तेथे मदत छावणीत काम करीत होत्या. स्वातंत्र्यलढ्यातल्या स्त्रियांविषयी त्यांनी पुस्तक लिहून अनेकींची नावे विस्मृतीतून वाचवली.

चौथी प्रीतिलता वड्डेदार. चितगावची, तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेली, गावात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. पहाडतळी येथे गोऱ्यांचा क्लब होता. कुत्र्यांना आणि हिंदी लोकांना मज्जाव, अशी तेथे पाटी असे. २४ सप्टेंबर १९३२ च्या रात्री पुरुषवेष घालून प्रीतिलतेने आपल्या तुकडीसह त्या क्लबावर हल्ला केला. परतताना ती जखमी झाली, आणि जिवंत पकडले जाऊ नये म्हणून तिने विष घेतले. वय अवघे एकवीस.

वीणा आणि प्रीतिलता या दोघींच्या पदव्या ब्रिटिश अमदानीत अडवून ठेवल्या होत्या. कलकत्ता विद्यापीठाने त्या मरणोत्तर दिल्या २०१२ साली! म्हणजे स्वराज्य येऊनही पासष्ट वर्षांनी. वीणा दास तुरुंगातून सुटल्यावर १९४२ च्या चळवळीत पुन्हा तुरुंगात गेल्या, पुढे विधिमंडळात होत्या, १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९८६ साली हृषीकेशला त्यांचा अंत झाला. पण पदवीचा कागद त्यांना हयातीत पाहायला मिळाला नाही. मी स्वत: सातवी शिकलेली बाई. पदवीचे मोल कळायला पदवी असावीच लागते असे नाही. ज्यांना शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले त्यांना तर ते अधिकच कळते.

आता मनातला प्रश्न विचारते. हे सारे बरोबर होते काय? चौदा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्या घरातली नववीतली पोर. तिच्या हाती पिस्तूल देणाऱ्या मोठ्या माणसांविषयी मला आई म्हणून राग येतो, हे मी लपवीत नाही. स्टीव्हन्स साहेब त्या दिवशी दारी आलेल्या मुलींचा अर्ज वाचायला पुढे आला होता. नाशिकचा जॅक्सन तर संस्कृतचा अभ्यासक म्हणून ओळखला जाई. मेलेला माणूस शत्रूचा असला तरी कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी मुलगा असतो. गांधीजींचा मार्ग या मार्गाहून निराळा होता, आणि लाखो बायका त्याच मार्गाने मिठासाठी आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहून तुरुंगात गेल्या. त्यांचे धैर्य तिळभर कमी नव्हते.

तरीही त्या मुलींना खुनी म्हणून बाजूला सारणे माझ्या मनाला पटत नाही. त्यांच्या मनात स्वत:साठी काही नव्हते. द्रव्य नव्हते, सूड नव्हता, नावाची हावही नव्हती. ज्या राज्यात अर्जांना उत्तर लाठीने मिळे, त्या राज्याने त्यांच्यापुढे किती वाटा ठेवल्या होत्या? शिवाय सुटून आल्यावर त्यांनी काय केले तेही पाहा. कोणी दवाखाना सांभाळला, कोणी दंग्यातल्या निराश्रितांना आधार दिला, दुर्गाभाभींनी लखनौला लहान मुलांची माँटेसोरी शाळा काढली. एकीनेही पुन्हा शस्त्राचे नाव काढले नाही. शस्त्र त्यांना प्रिय नव्हते, देश प्रिय होता, एवढे त्यावरून दिसते.

हे आज लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या भयंकर प्रकारानंतर, १९१४ साली नव्हे तर आपल्या डोळ्यांदेखत २०१४ साली, कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलो, बायकांच्या पर्समध्ये मावेल असे. किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये होती! परवान्याशिवाय ते घेता येत नाही, कारण आता १९५९ चा शस्त्र कायदा आहे. १८७८ च्या कायद्यासारखा गोरा-काळा भेद त्यात नाही. पण सव्वा लाखाचे शस्त्र कोणती मोलकरीण, कोणती शेतमजूर बाई, कोणती नर्स घेणार? आणि घेतलेच, तरी घरात लहान मुले असताना ते ठेवायचे कोठे? वर सांगितलेच आहे की असे शस्त्र हाताच्या अंतरावर, भरपूर सराव असेल तरच उपयोगी पडते. संकट तर मागून येते. माझ्या मते बाईचे रक्षण रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी बस, तक्रार लिहून घेणारा पोलीस आणि हाकेला धावणारी शेजारीण यांनी अधिक होते. यांतली शेवटची गोष्ट तरी आपल्या मंडळाच्या हातची आहे.

पिस्तूल मुलीच्या हाती शोभते कोठे, तेही आपण पाहिले. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये हरियाणाच्या मनू भाकरने पिस्तुलातच दोन कांस्यपदके आणली. समोर कागदाचे निशाण, हात स्थिर, श्वास रोखलेला, आणि शेवटी तिरंगा वर चढतो. कोणाच्याही घरी रडारड नाही. शांती आणि सुनीती यांनी शालीआड लपवून जे नेले ते आज आपल्या मुली उजळ माथ्याने हाती धरतात, यात त्या मुलींच्या त्यागाचा वाटा आहे असे मला मनापासून वाटते.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वाचनालयात या स्त्रियांच्या चरित्रांचे एक लहानसे कपाट असावे, अशी माझी सूचना आहे. येत्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्याऐवजी एखादे पुस्तक दिले तरी चालेल. दुर्गाभाभी, शांती, सुनीती, वीणा, कमला, प्रीतिलता आणि आपल्या येसूवहिनी या साऱ्या जणींना मंडळाच्या वतीने माझा नम्र प्रणाम.